पाम तेल हिरवं ठरतं ते गिरणीत

फरसाणाच्या कढईत, बिस्किटांत, साबणात, वनस्पती तुपात पाम तेल असतं. पुडीवर मात्र त्याचं नाव बारीक अक्षरांत असतं. भारत वर्षाला साधारण ८० ते १०० लाख टन पाम तेल बाहेरून आणतो, जगात सर्वाधिक. त्यातलं बहुतेक इंडोनेशिया आणि मलेशियातून येतं. जगातलं सुमारे ८५ टक्के पाम तेल याच दोन देशांत निघतं. २८ एप्रिल २०२२ ला इंडोनेशियानं निर्यात बंद केली आणि २३ मे ला पुन्हा सुरू केली. जेमतेम साडेतीन आठवडे, पण तेवढ्यात इथल्या तेलबाजारात खळबळ माजली.

या तेलाबद्दल दोन गोष्टी कायम ऐकू येतात. एक बाजू म्हणते, हे तेल जंगल तोडून येतं. दुसरी म्हणते, इतक्या कमी जमिनीत इतकं तेल दुसरं कुठलंच पीक देत नाही. दोन्ही खरं आहे. सुमात्रा आणि बोर्निओतली जंगलं या पिकासाठी मोठ्या प्रमाणावर तुटली. आणि तेलताडाचा एक हेक्टर वर्षाला साडेतीन ते चार टन तेल देतो, तर सोयाबीनचा हेक्टर जेमतेम अर्धा टन. म्हणजे पाम तेलावर बहिष्कार घालून तेवढंच तेल सोयाबीनमधून काढायचं ठरवलं, तर सात-आठपट जमीन लागेल.

या वादात एक जागा मात्र नेहमी नजरेआड राहते, ती म्हणजे मळ्याच्या मधोमध उभी असलेली तेलगिरणी. फळ कुठून आलं हे तपासता येतं ते तिच्या फाटकावर. त्यातलं किती तेल हाती आलं आणि किती वाया गेलं हे कळतं तिच्या यंत्रांत. आणि हवामानावरचा मोठा, तरीही टाळता येण्याजोगा बोजा साचतो तो तिच्या मागच्या सांडपाण्याच्या तळ्यांत. ‘शाश्वत पाम तेल’ या शब्दांना काही मोजता येण्याजोगा अर्थ आहे की नाही, हे पाहायचं तर गिरणी आतून समजून घ्यायला हवी.

घड कापल्यापासूनचे चोवीस तास

तेलताडाचा घड १० ते २५ किलोचा असतो आणि त्यात हजार ते तीन हजार फळं असतात. फळ ओल्या सुपारीएवढं. बाहेर केशरी, तेलानं भरलेला गर. आत कठीण करवंटी. तिच्या आत पांढरा मगज. गरातून निघतं ते पाम तेल, मगजातून निघतं ते पाम कर्नल तेल. दोन्हींचे गुणधर्म इतके वेगळे की कर्नल तेल रसायनशास्त्राच्या दृष्टीनं खोबरेल तेलाच्या जवळचं आहे.

आज जगभर लावली जाते ती टेनेरा नावाची संकरित जात. जाड करवंटीची ड्युरा आणि जवळजवळ करवंटीच नसलेली पिसिफेरा यांचा हा संकर. करवंटीची जाडी एकाच जनुकावर ठरते हे बेल्जियन काँगोतल्या संशोधनातून १९४१ मध्ये स्पष्ट झालं. करवंटी पातळ झाली, तितकाच गर वाढला, आणि ड्युराच्या तुलनेत त्याच जमिनीतून सुमारे ३० टक्के जास्त तेल मिळू लागलं. जमीन न वाढवता तेल वाढवण्याचा इतका मोठा टप्पा या पिकानं नंतर क्वचितच गाठला.

साखर कारखान्याचं गणित ज्यांना ठाऊक आहे, त्यांना पामची गिरणी लवकर कळेल. तोडलेला ऊस फडात पडून राहिला की उतारा, म्हणजे वजनामागे हाती येणारी साखर, घटतो. तेलताडाचं तसंच आहे, फक्त घड्याळ आणखी कडक आहे. फळाच्या गरात लायपेज नावाचं विकर (एन्झाइम) असतं. घड कापला, आदळला, फळ ठेचलं गेलं की पेशी फुटतात आणि हे विकर तेलाचे रेणू तोडू लागतं. त्यातून मुक्त मेदाम्लं तयार होतात. न दुखावलेल्या ताज्या फळातल्या तेलात त्यांचं प्रमाण एक टक्क्याहून कमी असतं. व्यापारात कच्चं पाम तेल साधारण ५ टक्क्यांपर्यंत चालतं. त्यापुढे गेलं की भाव कापला जातो, आणि रिफायनरीत तेवढं तेल काढून टाकावं लागतं.

म्हणून घड कापल्यापासून २४ तासांच्या आत तो वाफेत जायला हवा. गिरणी मळ्यातच का असते, याचं कारण हेच. तासाला ६० टन घड हाताळणाऱ्या गिरणीभोवती दहा ते पंधरा हजार हेक्टर लागवड लागते, आणि त्यातल्या प्रत्येक झाडावर दहा ते चौदा दिवसांनी कापणीची फेरी यावी लागते. फेरी लांबली की घड जास्त पिकतात, फळं गळून झाडाखाली विखुरतात. ही सुटी फळं सर्वात जास्त तेलाची असतात आणि मजूर कमी पडले की तीच गोळा व्हायची राहतात. उलट, वजन भरण्यासाठी कच्चा घड कापला तर त्यात तेलच भरलेलं नसतं. झाडाखाली काही सुटी फळं पडलेली दिसली की मगच घडाला हात लावायचा, हा साधा नियम गिरणीतल्या कुठल्याही महागड्या यंत्रापेक्षा जास्त तेल वाचवतो. रस्ते हेही तसंच. पावसात ट्रक रुतला तर त्यातल्या दहा टन घडांची मेदाम्लं तिथेच वाढत राहतात.

वाफ, दाब आणि उतारा

गिरणीत पहिली पायरी वाफवण्याची. घड मोठ्या आडव्या दंडगोलात घालून सुमारे ३ बार दाबाची, १३० ते १४० अंशांची वाफ ७५ ते ९० मिनिटं दिली जाते. या वाफेत विकर मरतं, फळाचा देठाशी असलेला जोड सैल होतो, गर मऊ पडतो आणि मगज आकसून करवंटीपासून सुटतो. वाफ एका दमात देत नाहीत. दाब तीनदा चढवतात आणि मधे दोनदा एकदम सोडतात. घडाच्या आत अडकलेली हवा उष्णता आत जाऊ देत नाही, ती बाहेर काढण्यासाठी हा खटाटोप. हवा राहिली तर घडाचा मधला भाग कच्चा राहतो, पुढे फळं सुटत नाहीत आणि रिकाम्या घडाबरोबर तेलही बाहेर जातं. वाफ जास्त झाली तर गरातलं तेल गळून खालच्या पाण्यात मिसळतं आणि मगज तपकिरी पडतो.

वाफवलेले घड फिरत्या पिंपात आपटले जातात. फळं जाळीतून खाली पडतात, रिकामे घड पुढे जातात. फळं डायजेस्टर नावाच्या उभ्या भांड्यात ९० अंशांच्या आसपास घुसळली जातात. हे भांडं तीन चतुर्थांश तरी भरलेलं ठेवावं लागतं, कारण वरच्या फळांच्या वजनामुळेच खालच्यांचा गर नीट कुटला जातो. अर्ध्यावर आलं की फिरणारे दांडे नुसतेच फिरतात आणि चोथ्यात तेल राहतं. मग जोड-स्क्रूचा प्रेस. इथे दाब कमी पडला तर चोथा तेलकट येतो. जास्त झाला तर करवंट्या फुटून मगज चुरडतो आणि त्याचं तेल भलत्याच तेलात जातं. स्क्रूची पाती झिजत जातात, त्यामुळे हा दाब एकदा लावून विसरण्यातला नाही. चोथ्याचा नमुना रोज प्रयोगशाळेत जायलाच हवा.

प्रेसमधून येणाऱ्या द्रवात दोन तृतीयांश तेल, एक चतुर्थांश पाणी आणि उरलेला गाळ असतो. त्यात गरम पाणी घालून चाळतात आणि ९० अंशांच्या टाकीत निवळू देतात. वरचं तेल निर्वात ड्रायरमधून जाऊन ०.१ टक्क्याच्या आसपास ओलाव्याचं होतं. खालच्या गाळातून सेंट्रिफ्यूज किंवा डिकँटर, म्हणजे जोरात फिरवून तेल, पाणी आणि गाळ वेगळे करणारं यंत्र, उरलंसुरलं तेल काढतं. इथे जितकं पाणी सढळ हातानं वापराल, तितकं सांडपाणी वाढतं. त्रिस्तरीय डिकँटर बसवलेल्या गिरण्या हे पाणी बरंच कमी करतात, आणि पुढच्या सगळ्या खर्चाचा हिशेब याच एका निर्णयानं बदलतो.

करवंट्या वेगळ्या रस्त्यानं जातात. चोथ्यापासून हवेच्या झोतात वेगळ्या करून त्या फोडतात, मग मगज आणि कवच पाण्याच्या भोवऱ्यात घनतेनुसार वेगळे करतात, आणि मगज ७ टक्के ओलाव्यापर्यंत वाळवतात. मगज ओला राहिला की बुरशी धरते.

चांगल्या गिरणीचा तेलाचा उतारा घडांच्या वजनाच्या २० ते २२ टक्के असतो. तासाला ६० टनांची गिरणी वीस तास चालली तर १,२०० टन घडांमधून अडीचशे टनांच्या आसपास तेल निघतं आणि ५०-६० टन मगज. उताऱ्यातला एक टक्का म्हणजे दिवसाला १२ टन तेल. तो सुधारण्यासाठी एकही नवं झाड लावावं लागत नाही. पर्यावरणाच्या नावानं होणाऱ्या चर्चांमध्ये हा आकडा फारसा येत नाही, पण यायला हवा.

तेल सोडून जे उरतं

त्याच १,२०० टनांतून सुमारे २७० टन रिकामे घड, १६० टन चोथा, ७० टन करवंटीचं कवच आणि ७५० ते ८०० घनमीटर सांडपाणी बाहेर पडतं. मुख्य माल एक पंचमांश, बाकी सगळं ‘इतर’. हरित अर्थव्यवस्था ती याच ‘इतर’ची.

चोथा आणि कवच बॉयलरमध्ये जातात. साखर कारखान्यात बगॅस जे करतो तेच काम इथे चोथा करतो. टनभर घडांमागे सुमारे अर्धा टन वाफ आणि १५ ते २० युनिट वीज लागते. बॉयलरची जास्त दाबाची वाफ आधी टर्बाइन फिरवते आणि तिथून ३ बारवर उतरलेली वाफ घड वाफवायला जाते. एकाच इंधनातून वीजही आणि उष्णताही, त्यामुळे गिरणीला बाहेरून इंधन जवळजवळ घ्यावंच लागत नाही. सुरुवातीला बॉयलर पेटवताना डिझेल जनरेटर लागतो तेवढाच. गडबड होते ती ओला चोथा एकदम कोंबल्यावर. धुराडं काळं ओकू लागतं आणि चोथ्यातली सिलिका वितळून जाळीवर खडे धरतात. चोथा यंत्रानं एकसारखा सोडला आणि हवेचं प्रमाण राखलं तर हा त्रास बराच टळतो.

कवच मात्र शक्यतो जाळू नये, विकावं. ते कोरडं, उष्मांक जास्त, साठवायला सोपं. जपानमधली जैवइंधनावरची वीजकेंद्रं इंडोनेशिया आणि मलेशियातून कवच जहाजं भरभरून नेतात. म्हणून आज गिरणीच्या व्यवस्थापकापुढचा प्रश्न असा असतो: बॉयलरला दुसरं काय देता येईल, म्हणजे कवच शिल्लक पडेल? त्याचं उत्तर मागच्या तळ्यात आहे.

सांडपाण्याचं तळं

घड वाफवतानाचं पाणी, तेल निवळतानाचा गाळ आणि करवंट्या वेगळ्या करतानाचं पाणी मिळून हे सांडपाणी बनतं. सर्वात मोठा वाटा, जवळपास ६० टक्के, निवळण्याच्या टाकीचा. ते तपकिरी, दाट, ८० अंशांचं आणि आम्लधर्मी असतं. त्यात विषारी काही नसतं, कारण प्रक्रियेत कुठलंच रसायन घातलेलं नसतं. अडचण आहे ती त्यातल्या सेंद्रिय पदार्थांच्या प्रमाणाची. पाण्यातली घाण खाऊन टाकायला जिवाणूंना किती ऑक्सिजन लागेल याचं माप म्हणजे बीओडी. घराघरांतून येणाऱ्या सांडपाण्याचा बीओडी लिटरला २०० ते ३०० मिलिग्रॅम असतो. पाम गिरणीच्या सांडपाण्याचा सुमारे २५,००० मिलिग्रॅम. एका ६० टनी गिरणीचं दिवसाचं पाणी साधारण चार लाख वस्तीच्या शहराएवढा बोजा घेऊन येतं. ते नदीत सोडलं तर नदीतला ऑक्सिजन संपतो आणि मासे मरतात. १९७० च्या दशकात मलेशियातल्या नद्यांनी हे भोगलं.

मलेशियानं त्यावर जे केलं ते आपल्याकडच्या प्रदूषण नियंत्रणाच्या दृष्टीनंही अभ्यासण्यासारखं आहे. १९७७ च्या नियमांनी गिरण्यांना परवाना सक्तीचा केला आणि परवान्याचं शुल्क सोडलेल्या बीओडीच्या वजनाशी बांधलं. मर्यादा एकदम न लादता पायऱ्यांनी खाली आणली: पहिल्या टप्प्यात लिटरला ५,००० मिलिग्रॅम, आणि १९८४ पर्यंत १००. गिरण्यांना तंत्र शोधायला वेळ मिळाला, पण टाळायला जागा राहिली नाही. उत्तर निघालं ते तळ्यांच्या माळेचं. पाणी आधी थंड होतं, मग आम्लीकरणाच्या तळ्यात जातं, मग हवेविना चालणाऱ्या खोल तळ्यात महिना-दीड महिना राहतं, आणि शेवटी उथळ, हवा खेळती असलेल्या तळ्यांतून बाहेर पडतं. बीओडी खरोखर शंभरावर आला. नद्या वाचल्या.

पण त्या खोल, उघड्या तळ्यात हवेविना काम करणारे जिवाणू सेंद्रिय पदार्थांचा मिथेन करत होते आणि तो थेट आकाशात जात होता. शंभर वर्षांच्या हिशेबानं मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापवतो. एक घनमीटर सांडपाण्यातून साधारण २८ घनमीटर बायोगॅस निघतो, त्यात ६० ते ६५ टक्के मिथेन. ६० टनी गिरणीचे दिवसाला सुमारे ९ टन मिथेन, म्हणजे अडीचशे टन कार्बन डायऑक्साइडच्या तोडीचे. (उघड्या तळ्यातून प्रत्यक्षात यापेक्षा काहीसं कमी निघतं.) पाण्याचा प्रश्न सोडवताना हवेचा प्रश्न उभा राहिला होता.

झाकण घातलं की हाच वायू इंधन होतो. मलेशियात २०१४ पासून नव्या गिरण्यांना आणि क्षमता वाढवू पाहणाऱ्या जुन्या गिरण्यांना मिथेन पकडण्याची किंवा टाळण्याची सोय करणं बंधनकारक झालं. ती दोन प्रकारे होते. तळ्यावर एचडीपीई प्लास्टिकचं जाड आच्छादन ताणणं स्वस्त पडतं, पण पाणी ३० ते ६० दिवस राहतं आणि जागा जास्त लागते. घुसळणी असलेली बंद टाकी महाग, पण पंधरा-वीस दिवसांत काम होतं आणि तापमान हाती राहतं.

दोन्हींत चुका मात्र सारख्याच होतात. पहिली: पाणी पुरतं थंड न करता आत सोडणं. जिवाणूंना ३७ ते ४० अंश, किंवा दुसऱ्या जातीच्या जिवाणूंना ५० ते ५५ अंश मानवतात. ८० अंशांचं पाणी त्यांना मारतं. दुसरी: तेल नीट न काढणं. तेलाची साय पृष्ठभागावर घट्ट थर धरते, वायू अडतो. शिवाय ते तेल विकता आलं असतं. तिसरी, सर्वात महागात पडणारी: हंगामाच्या भरात एकदम जास्त पाणी आत लोटणं. आम्ल करणारे जिवाणू भराभर वाढतात, मिथेन करणारे सावकाश. आम्ल साचतं, मिथेन करणारे दबतात आणि टाकी आंबते. पीएच घसरताना दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणून आम्ल आणि क्षारता यांचं गुणोत्तर रोज मोजायचं. ते ०.३ ते ०.४ च्या वर सरकू लागलं की पाणी कमी करायचं, गरज पडल्यास थांबवायचं. आत येणाऱ्या पाण्याचा पीएच ४ ते ५ असतो, तरी चुना टाकत बसावं लागत नाही. टाकीतलंच पचलेलं, क्षारतेचं पाणी फिरवून त्यात मिसळलं की पुरतं. चौथी: माती आणि गाळ तळाशी बसत जातो आणि दोन-चार वर्षांत तळं अर्धं भरतं. गाळ उपसण्याची सोय आच्छादन घालण्याआधीच करून ठेवायला हवी, नंतर ते फाडावं लागतं.

वायूत हायड्रोजन सल्फाइडही असतो, १,००० ते ३,००० पीपीएम. या वायूवर वीज करणाऱ्या इंजिनाला तो २०० च्या खाली हवा, नाहीतर इंजिनातलं वंगणाचं तेल आम्ल होतं आणि धातू खातं. वायू स्वच्छ करणाऱ्या जैविक स्क्रबरमध्ये थोडी हवा सोडून सल्फर खाणारे जिवाणू हे काम करतात, पण हवा मोजूनच सोडावी लागते, कारण मिथेन आणि हवेचं मिश्रण स्फोटक आहे. आणि हायड्रोजन सल्फाइड माणसालाही मारतो. टाकीत, खड्ड्यात, आच्छादनाखाली वायू मोजल्याशिवाय कुणीही उतरू नये, आणि आत पडलेल्याला काढायला दुसऱ्यानं तसंच उतरू नये. भारतात सांडपाण्याच्या टाक्यांमध्ये माणसं अशीच मरतात, आणि ही खबरदारी कुठल्याही प्रमाणपत्राच्या आधी यायला हवी.

सगळं नीट चाललं तर ६० टनी गिरणी भर हंगामात सुमारे दोन मेगावॅट वीज देऊ शकते. ती विकायची तर तारा जवळ हव्यात. मलेशियाच्या साबा राज्यातल्या आडवाटेच्या गिरण्यांना ग्रिड परवडत नाही, आणि मग कष्टानं पकडलेला वायू नुसता ज्योतीत जाळला जातो. हवामानासाठी तेही चांगलंच, पण कमाई शून्य. त्याऐवजी वायू बॉयलरला दिला तर तेवढं कवच विक्रीला मोकळं होतं. मलेशियातच सेलांगोरमधल्या सुंगई तेंगी गिरणीत २०१५ मध्ये वायू शुद्ध करून तो दाबून भरण्याचाही प्रकल्प उभा राहिला, आपल्याकडच्या सीबीजीसारखा (कॉम्प्रेस्ड बायोगॅस).

रिकाम्या घडांचं काय करायचं

रिकाम्या घडात ६० टक्क्यांहून जास्त पाणी असतं, म्हणून ते जाळायला वाईट. पूर्वी भट्टीत जाळून राख पोटॅशचं खत म्हणून वापरत. धुरामुळे ती पद्धत मागे पडली. एक टन रिकाम्या घडांमध्ये साधारण ७ किलो युरिया, ३ किलो रॉक फॉस्फेट, १९ किलो म्युरेट ऑफ पोटॅश आणि साडेचार किलो किसेराइट (मॅग्नेशियमचं खत) इतकं पोषण असतं. आपल्या उदाहरणातल्या गिरणीत दिवसाला पाच टन पोटॅश खत! ते मळ्यात परत गेलं तर आयात केलेलं खत वाचतं, ओल टिकते, मातीत सेंद्रिय कर्ब वाढतो.

पद्धत मात्र नेटकी हवी. घड झाडांच्या ओळीत एकाच थरात पसरायचे, ढीग करायचा नाही. ढिगात गेंड्या भुंगा अंडी घालतो. कोकणातल्या माडाचा जो शत्रू, तोच तेलताडाचाही. वाहतूक परवडत नसेल तर दुसरा मार्ग म्हणजे घड चिरून त्यांवर सांडपाणी शिंपडत कंपोस्ट करायचं. ढिगाच्या उष्णतेनं पाणी उडून जातं आणि दोन्ही कचरे एकाच खतात मुरतात. ढीग नियमित उलटला नाही तर तोही आतून सडतो आणि मिथेन सोडू लागतो, मग केलेलं सगळं फुकट.

हल्ली या घडांच्या इंधन-कांड्या करून विकण्याकडे ओढा आहे. पैसा मिळतो हे खरं, पण प्रत्येक जहाजाबरोबर मळ्यातलं पोटॅश देशाबाहेर जातं आणि तेवढं खत पुन्हा विकत आणावं लागतं. कचऱ्याला भाव मिळाला म्हणजे ती हरित अर्थव्यवस्था झाली, असं मानता येत नाही. मातीची थकबाकी वजा करून काय उरतं, ते पाहायला हवं.

फाटकावरचा हिशेब

गिरणी आतून कितीही सुधारली तरी फाटकातून काय आत येतं याचा हिशेब वेगळा आहे, आणि तो जास्त जड आहे. सुमात्रातल्या रियाऊ प्रांतात आणि बोर्निओत पीट जमिनी आहेत: हजारो वर्षांच्या न कुजलेल्या वनस्पतींचे पाणथळ थर. लागवडीसाठी चर खणून पाणी काढलं की हा थर हवेशी येतो, कुजतो, खचतो आणि कोरड्या वर्षी पेटतो. २०१५ मध्ये इंडोनेशियात सुमारे २६ लाख हेक्टर जळालं. जागतिक बँकेनं नुकसान १६ अब्ज डॉलर धरलं. आग लागली नाही तरी निचरा केलेल्या पीटवरचा तेलताड वर्षाला हेक्टरी सुमारे ४० टन कार्बन डायऑक्साइड सोडतो.

आता वरचं गणित पुढे न्या. १२ हजार हेक्टरांवर चालणारी गिरणी वर्षभर मिथेन पकडून जास्तीत जास्त ५० हजार टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड वाचवेल. तिला फळ देणाऱ्या जमिनीपैकी १० टक्के, १,२०० हेक्टर, पीटवर असली तर तिथून ४८ हजार टन बाहेर पडतात. सगळी कमाई गेली. आधीच लागवड झालेल्या पीटवर चरांना फळ्या घालून पाणी पृष्ठभागाच्या ४०-६० सेंटिमीटर खाली राखता येतं, त्यानं हानी कमी होते, थांबत नाही. नव्या पीटला हात न लावणं हा एकच खरा उपाय.

म्हणून फळाचा माग काढणं महत्त्वाचं. कंपनीच्या स्वतःच्या मळ्यात ते सोपं आहे. इंडोनेशियात मात्र सुमारे ४० टक्के क्षेत्र छोट्या शेतकऱ्यांकडे आहे, आणि त्यांचे घड दलालांच्या ट्रकमधून येतात. एका ट्रकमध्ये पाच गावांचा माल, आणि त्यात तेस्सो निलो राष्ट्रीय उद्यानात अतिक्रमण करून लावलेल्या झाडांचाही असू शकतो. एकदा वाफेत गेल्यावर कुठला घड कुठला, हे कुणालाच सांगता येत नाही. शेवटची संधी वजनकाट्यावरच असते.

२००४ मध्ये स्थापन झालेल्या आरएसपीओ या संस्थेच्या निकषांवर शाश्वत पाम तेलाचं प्रमाणपत्र मिळतं आणि त्याचे चार प्रकार आहेत. पहिल्यात तेल एकाच प्रमाणित गिरणीचं, शेवटपर्यंत वेगळं ठेवलेलं. दुसऱ्यात अनेक प्रमाणित गिरण्यांचं, पण अप्रमाणितात न मिसळलेलं. तिसऱ्यात, मास बॅलन्समध्ये, तेल मिसळतं आणि फक्त कागदोपत्री प्रमाण राखलं जातं. चौथ्यात तेलाशी संबंधच नाही, फक्त क्रेडिट विकत घेतलं जातं. पुडीवरचा शिक्का पाहताना यांतला कुठला, हे पाहायला हवं. मास बॅलन्स खोटं नाही, ते प्रमाणित शेतकऱ्याला पैसा पोचवतं. पण हातातल्या बिस्किटातलं तेल जंगल न तोडता आलं, असा त्याचा अर्थ होत नाही. युरोपीय संघाचा २०२३ चा कायदा यापुढे जातो. ३१ डिसेंबर २०२० नंतर जंगल तोडलेल्या जमिनीवरचा माल नको, आणि शेताचे अक्षांश-रेखांश द्या. चार हेक्टरांहून मोठं शेत असेल तर पूर्ण सीमारेषा हवी. मोठ्या कंपन्यांना हे जमतं. दोन-तीन हेक्टरवाल्याकडे जमिनीचा कागदच नसतो, आणि चांगला कायदा त्यालाच आधी बाजाराबाहेर ढकलण्याचा धोका आहे. गिरणीनं आपल्या शेतकऱ्यांचे नकाशे स्वतःच्या खर्चानं करून दिले तर तो टळतो.

भारतात नव्यानं उभ्या राहणाऱ्या गिरण्या

ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्रानं ११,०४० कोटी रुपयांचं तेलताड अभियान जाहीर केलं: तेव्हाच्या साडेतीन लाख हेक्टरांवरून २०२५-२६ पर्यंत दहा लाखांवर जायचं. लागवडीच्या रोपांची मदत हेक्टरी १२ हजारांवरून २९ हजार केली. घडांचा भाव कच्च्या पाम तेलाच्या किमतीच्या १४.३ टक्के धरून तफावत भरून देण्याचं सूत्र ठरवलं. आंध्र आणि तेलंगणा आघाडीवर आहेत. गोव्यातही लागवड आहे.

इथली परिस्थिती मलेशियाहून वेगळी आहे. तिथे पाऊस वर्षभर असतो. इथे उन्हाळ्यात एका झाडाला रोज दीडशे ते अडीचशे लिटर पाणी ठिबकनं द्यावं लागतं, आणि हेक्टरी १४३ झाडं असतात. भाताच्या जागी तेलताड आला तर पाणी वाचू शकतं; कोरडवाहू ज्वारी-तुरीच्या जागी आला तर भूजलावर नवा भार पडतो. ईशान्येत पाऊस आहे, पण जंगलही आहे आणि डोंगरउतारावर २४ तासांत गिरणी गाठणं कठीण. आणि आपल्याकडे शेतकरी ठरवून दिलेल्या परिसरातल्या एकाच कंपनीशी बांधला जातो. तिची गिरणी वेळेवर उभी राहिली नाही, किंवा काट्यावर कच्चे घड म्हणून वजावट होऊ लागली, तर पर्याय नाही. साखरपट्ट्यात हे दुखणं जुनं आहे.

एक गोष्ट मात्र आपल्या हातात आहे. मलेशियाला उघडी तळी आधी खणावी लागली आणि झाकणं नंतर शोधावी लागली. इथल्या गिरण्या आत्ता बांधल्या जात आहेत. आच्छादलेली टाकी, डिकँटर आणि रिकामे घड परत नेणाऱ्या ट्रकांचा खर्च पहिल्याच आराखड्यात धरला तर तो नंतर वाढवण्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडतो. घड घेऊन आलेला ट्रॅक्टर रिकामा परत जाण्याऐवजी कंपोस्ट घेऊन जाईल, हे शेतकऱ्याशी करायच्या करारात पहिल्या दिवशीच लिहिता येतं. गिरणीची मंजुरी देताना मिथेन पकडण्याची अट घालता येते. काट्यावर घडांची प्रत ठरवताना शेतकऱ्याचा प्रतिनिधी उभा राहील आणि उताऱ्याचा रोजचा आकडा फलकावर लागेल, अशीही अट घालता येते.